तासाभराची शर्यत, तीन दिवसांचं काम

मी हौशी रेसर आहे. म्हणजे रेसिंगवर माझं पोट नाही, उलट पोटाला चिमटा काढून रेसिंग चालतं. एरवी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम, आणि मोसमातले काही शुक्रवार-शनिवार-रविवार चेन्नईबाहेर इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. वय चाळिशीकडे झुकलेलं, बाईक १६५ सीसीच्या वर्गातली, आणि निकालाच्या कागदावर माझं नाव शोधायचं तर खालून सुरुवात केलेली बरी.

ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. क्लब १९५३ सालचा. आधी त्यांच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या; १९९० मध्ये हा हक्काचा ट्रॅक उभा राहिला. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं १२. आता पाटीवर मद्रास इंटरनॅशनल सर्किट असं भारदस्त नाव असलं तरी जुनी माणसं एमएमआरटीच म्हणतात. इथल्या राष्ट्रीय फेऱ्यांना कंपन्यांचे संघ असतात, एकसारखे टी-शर्ट घातलेले मेकॅनिक असतात, आणि एका पिकअपमधून येऊन ताडपत्रीखाली बस्तान मांडणारे आमच्यासारखेही असतात. सराव, क्वालिफाइंग आणि शर्यती मिळून तीन दिवसांत बाईकवर प्रत्यक्ष बसणं होतं जेमतेम तास-सव्वा तास. उरलेल्या वेळात काय करायचं असतं, तेच मुख्यतः इथे लिहितोय. क्रमांक सोयीसाठी घातलेत.

१. झोप काढून पोचा

राष्ट्रीय फेऱ्या होतील असा पूर्ण लांबीचा डांबरी ट्रॅक महाराष्ट्रात नाही. मोटोक्रॉसचं आणि डर्टचं पुण्याला जुनं वेड आहे, कोल्हापूरला मोहित्यांचा छोटा ट्रॅक आहे, तिथे वळणांचा हात बसतो. पण खरी शर्यत लावायची तर दक्षिणेकडे तोंड करावं लागतं, कोइंबतूरचं करी मोटर स्पीडवे नाहीतर चेन्नई. गंमत म्हणजे पुण्याच्या बायपासवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत श्रीपेरुंबुदूरवरून, जवळजवळ ट्रॅकच्या दारातून चेन्नईत शिरतो. अकराशेच्या वर किलोमीटर, रस्ता एकच. चुकायची सोय नाही आणि थांबायला जागा हजार.

आम्ही तिघं मिळून पिकअप करतो. बाईक स्टँडवर लावून बांधायची नाही. दोन्ही चाकांवर उभी करायची, पुढचा फोर्क थोडा दाबायचा आणि चारही बाजूंनी पट्टे ओढायचे, म्हणजे खड्ड्यात बाईक उसळली तरी पट्टा सैल पडत नाही. रेल्वेने पार्सल करता येतं, पण टाकी पूर्ण रिकामी करा, गोणपाटात बांधा, आणि मग डबा कुठल्या स्टेशनात अडकला याची चिंता करा. एकदा दोघांनी आळीपाळीने गाडी हाकत रात्र काढली आणि शुक्रवारी सकाळी थेट पॅडॉकमध्ये उतरले; दुपारच्या सेशनला त्यातल्या एकाला बाईक पहिल्या गिअरमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये हेच समजेना. गुरुवारी दुपारी पोचायचं, श्रीपेरुंबुदूरच्या कुठल्याही साध्या लॉजवर पंखा लावून आडवं व्हायचं. याहून स्वस्तात वेग मिळत नाही.

२. पडण्याचे पैसे आधी बाजूला काढा

लोक विचारतात, बाईकला किती खर्च आला? बाईकला फार नाही, जुनी रेस बाईक मिळते. खर्च टायरचा, वाहतुकीचा आणि पडण्याचा. साधा लो-साइड, म्हणजे बाईक वळणात खालून निसटली आणि आपण तिच्या मागे घसरत गेलो, एवढ्यात क्लच लिव्हर, फूटपेग, हँडलबार, फेअरिंगचा एक तुकडा आणि ग्लोव्हजची एक जोडी जाते. म्हणून माझ्या पेटीत दोन्ही लिव्हर, दोन्ही फूटपेग, एक क्लिप-ऑन, झिप टाय, गाफा टेप आणि तारेचं बंडल असतंच. आणि एका पाकिटात थोडे पैसे, ज्यावर पेन्सिलने ‘पडणे’ असं लिहिलंय. पाकीट न उघडता पुण्याला परत आलं की त्यातून सगळ्यांना मिसळ.

३. स्क्रुटिनीवाल्याशी वाद घालू नका

बाईक आणि अंगावरचा सरंजाम तपासून घेतल्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत. टेबलावर हेल्मेट, लेदरचा सूट, ग्लोव्हज, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि पाठीचं कवच मांडायचं. हेल्मेटचा पट्टा डबल डी-रिंगचा हवा, त्याच्या कवचाला तडा दिसला की ते गेलं. बाईकवरून आरसे, इंडिकेटर, हेडलाइट, स्टँड सगळं उतरवलेलं हवं. इथपर्यंत ठीक. मग तपासनीस गुडघ्यावर बसतो, टॉर्च काढतो आणि बाईकच्या पोटाखाली डोकं घालतो.

इंजिनातलं तेल सोडायचा जो ड्रेन बोल्ट, त्याच्या डोक्यात बारीक भोक पाडून त्यातून स्टीलची तार ओवलेली असावी लागते. तार दुहेरी पिळायची आणि दुसरं टोक जवळच्या पक्क्या जागी असं बांधायचं, की बोल्ट सैल व्हायला लागला तर ताणलेली तार त्याला आवळण्याच्या दिशेनेच ओढेल. उलट्या बाजूने बांधलेली तार दिसायला तशीच, चकचकीत, आणि कामाला शून्य. ऑइल फिल्टरचं झाकण, तेल भरायचं बूच यांनाही तोच न्याय.

आमचे चाचा नाना पेठेतले जुने मिस्त्री. ज्या काळात पुण्यात यझदीचं सायलेन्सर ऐकून मालक ओळखायचे, त्या काळातले. भोक पाडायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. बोल्टचं डोकं षटकोनी, त्यावर दीड मिलिमीटरचं बिट सरकतं. चाचा बोल्ट व्हाइसमध्ये तिरका धरतात, सेंटर पंचने खूण मारतात, तेलाचा एक थेंब सोडतात आणि ड्रिल असं चालवतात की आवाजात चढ-उतार नाही. अर्ध्यात बिट मोडलं तर मोडलेला तुकडा बोल्टमध्येच अडकतो आणि बोल्ट भंगारात. मोडतात. चाचा काही बोलत नाहीत, नवा बोल्ट घेतात. मी “चाचा, बोल्ट टाइट केलाय” म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: “टाइट केला बोलू नको. तार दाखव.”

हे एवढं कशासाठी? एका बाईकचं तेल वळणावर सांडलं तर ती बाईक पुढे निघूनही जाते. पडतात ते मागून येणारे. बाईकच्या पोटाखाली तेल धरून ठेवणारा बंद ट्रे असतो तो यासाठीच. रेडिएटरमध्ये ग्लायकोलचं कूलंट न घालता साधं पाणी घालतात तेही यासाठीच. पाणी उन्हात उडून जातं, ग्लायकोल डांबरावर निसरडा थर धरून बसतं. म्हणजे माझी तपासणी माझ्यासाठी नसतेच, ती माझ्या मागच्याची सोय असते. कारखान्यात ऑडिटवाला आला की माझं तोंड कसं होतं ते मला माहीत आहे. इथे मात्र मी तपासनीसाला टॉर्च धरून देतो.

४. पहिल्या सेशनला घड्याळ बघू नका

मागच्या वेळी ज्या खुणेवर ब्रेक मारत होतात ती खूण आता तिथे नसते. डांबराचं ठिगळ बदललेलं असतं, वाळू आलेली असते, टायर नवा असतो. पहिल्या सेशनमध्ये ट्रॅक पुन्हा पाठ करायचा, बस. वेळ कुणीच विचारत नाही. जो सांगत सुटतो तो दुपारपर्यंत एकदा तरी मातीत जाऊन येतो.

५. लक्ष मोजकंच असतं, जपून खर्च करा

कीथ कोड या अमेरिकन प्रशिक्षकाने १९८३ च्या आपल्या पुस्तकात लक्षाची तुलना दहा डॉलरच्या नोटेशी केली आहे. खिशात तेवढेच. त्यातले पाच गिअर बदलण्यावर उडवलेत तर बाकी सगळ्यासाठी पाचच उरले. त्यांची कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल याच ट्रॅकवरही शिकवायला येत आली आहे, त्यामुळे पॅडॉकमध्ये ही दहाची नोट सगळ्यांना तोंडपाठ. पाठ असणं वेगळं आणि सी-वनला आठवणं वेगळं.

इथे वळणांना नावं नाहीत, सी-वन, सी-टू असे नंबर आहेत. मुख्य सरळ पट्टी संपते तिथे सी-वन: उजवं, वेगवान, आणि आत शिरेपर्यंत शेवट न दाखवणारं. आमच्या छोट्या बाईकवर तिथे वेग ताशी १४० च्या आसपास. हिशेब केला तर सेकंदाला जवळपास ३९ मीटर. ‘थ्रॉटल सोडू का?’ हा प्रश्न मनात यायला अर्धा सेकंद लागला, तर तो प्रश्न १९ मीटर लांबीचा असतो.

घाबरलेलं शरीर तिथे तीन गोष्टी न विचारता करतं. थ्रॉटल सोडतं, हँडल आवळतं आणि नजर पुढच्या चाकाजवळ आणतं. थ्रॉटल एकदम सुटला की भार पुढच्या टायरवर येतो आणि मागचं चाक हलकं पडतं. हँडल आवळलं की खड्ड्याच्या प्रत्येक धक्क्यावर बाईक डुलते, कारण तिला स्वतःहून सावरायची मोकळीक आपणच काढून घेतलेली असते. आणि नजर जवळ आली की आहे त्या वेगाच्या दुप्पट वेग भासतो, त्यामुळे थ्रॉटल आणखी सुटतो. हे चक्र तोडायला धाडस कामाचं नाही. मांड्यांनी टाकी घट्ट धरायची, म्हणजे हातांवर भार येत नाही. मग कोपरं सैल होतात. सरळ पट्टीवर मी उजव्या हाताची करंगळी ग्रिपवरून उचलून बघतो. सहज उचलली गेली तर पकड बरोबर आहे. नाही उचलली तर हात आत्ताच घाबरलेत, आणि सी-वन अजून यायचंय.

नजरेचं एक वाक्य एका प्रशिक्षकाने सांगितलं ते मी टाकीवर टेपने चिकटवलं होतं. पुढे टेप काढली, कारण टेप वाचायला नजर खाली जायची.

६. पंप आणि गेज स्वतःचे ठेवा

टायरच्या हवेवर पॅडॉकमध्ये जेवढ्या श्रद्धा आहेत तेवढ्या पंढरीतही नसतील. हिशेब मात्र शाळेतल्या विज्ञानाचा आहे. सावलीत ३० अंशांना ३० पीएसआय भरलेला टायर ट्रॅकवर ७० अंशांपर्यंत तापला की आतली हवा साधारण ३६ पर्यंत चढते. टायर फुगतो, जमिनीला टेकणारा भाग कमी होतो, पकड जाते. म्हणून गार असताना कमी भरायची, आणि खरं माप सेशन संपवून पिटमध्ये शिरल्या शिरल्या, टायर गरम असताना घ्यायचं. दहा मिनिटं गप्पा मारून मग गेज लावलं तर तो आकडा कशाचाच नसतो. शेजाऱ्याचं गेज वापरू नका. दोन गेज कधीच एक आकडा दाखवत नाहीत. आपलं चुकीचं असलं तरी रोज सारखंच चुकतं, ते चालतं.

ज्या वर्गात मुभा आहे तिथे स्प्रॉकेटचंही हेच. पुढच्या १४ दातांच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला की गिअरिंग सात टक्क्यांनी बदलतं. मागच्या बाजूने तेवढाच फरक पाडायला तीनेक दात वाढवावे लागतात. त्यामुळे बारीक फरक हवा तर मागे हात घालायचा, पुढे नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हवा, स्प्रॉकेट आणि फोर्क तिन्ही एकदम बदलून वेळ सुधारली, तर सुधारली कशाने?

७. दहीभात

चेन्नईच्या उन्हात लेदरचा सूट घालून ग्रिडकडे जायची वाट बघणं ही स्वतंत्र शर्यत आहे. तहान लागल्यावर प्यायलेलं पाणी उशिरा पोचतं. सकाळपासून घोट घोट, मधे मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक. कॅन्टीनमध्ये बिर्याणीचा वास सुटतो. ती रविवारी संध्याकाळी. दुपारी दहीभात आणि लोणच्याची फोड, त्यावर कुठलंही महागडं एनर्जी ड्रिंक नाही. सूट कमरेपर्यंत उतरवून बाह्या बांधून बसावं, आणि सावलीसाठी ताडपत्री सगळ्यात आधी बांधावी, बाईक उतरवण्याच्याही आधी.

८. क्वालिफाइंगला एकटं फिरू नका

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. पंधरा-अठरा अश्वशक्तीच्या बाईकला हे फार जाणवतं. सरळ पट्टीवर इंजिन सगळं देऊन बसलेलं असतं, आता वेग वाढायचा तो दुसऱ्याच्या मागे लपूनच. पुढच्याच्या मागच्या टायरजवळ शिरलं की हेल्मेटवरचा वारा अचानक शांत होतो, आणि टॅकोमीटरचा काटा, जो हलायला तयार नव्हता, तो थोडा पुढे सरकतो. म्हणून क्वालिफाइंगमध्ये सगळे एकमेकांची वाट बघत रेंगाळतात. पुढे जायला कुणी तयार नसतं. यात मिनिटं जातात.

माझा उपाय साधा आहे. आपल्याहून किंचित, अगदी किंचित वेगवान माणूस सकाळीच हेरून ठेवायचा आणि तो पिटमधून निघाला की चहाचा कप टाकून निघायचं. कंपनीच्या संघातल्या पोरांमागे लागू नये. ती सी-टूला जिथे ब्रेक मारतात तिथे आपण मारला तर आपण भिंतीपर्यंत जातो.

९. ग्रिड

वॉर्म-अप लॅप, आपल्या खुणेवर पुढचं चाक, लाल झेंडा घेतलेला माणूस समोरून बाजूला होतो, लाल दिवे लागतात, दिवे विझतात. दिवे कधी विझतील याचा अंदाज बांधू नये. शेजारचा हलला म्हणून हलू नये. क्लच अर्धा, आरपीएम एका जागी, नजर दिव्यांवर. बाकी जे काही सांगतात ते चहा पिताना सांगायच्या गोष्टी आहेत.

१०. झेंड्यांपुढे शहाणपण चालत नाही

पिवळा हलला: पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा: पुढे ट्रॅक निसरडा. काळ्यावर नारिंगी गोल आणि तुमचा नंबर: तुमच्या बाईकमधून काहीतरी गळतंय किंवा लोंबतंय, ताबडतोब ट्रॅक सोडा. लाल: सेशन थांबलं, हळू पिटमध्ये या. हे कागदावर कुणालाही येतं. पण तिसऱ्या लॅपला, ज्याच्या मागे शुक्रवारपासून लागलोय त्याला आत्ता गाठलंय, आणि त्याच वळणावर पिवळा हलतो. तिथे हात आपोआप थांबला पाहिजे. थांबत नसेल तर त्या माणसाने घरी बसावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

झेंड्यामागे कोण असतं ते बघायचं असेल तर एखाद्या शर्यतीत लाल झेंडा लागल्यावर बघा. एका रविवारी आमच्या शर्यतीत दोघं एकमेकांत अडकून पडले. बाईक कोलांट्या खात बाहेर गेली, एक मुलगा ट्रॅकच्या कडेला उताणा. मी जवळून हळू गेलो तेव्हा एक मार्शल त्याच्या डोक्याशी गुडघ्यावर बसलेली होती. कॉलेजातली असेल. दोन्ही हातांनी तिने त्याचं हेल्मेट जसंच्या तसं धरून ठेवलं होतं. काढलं नव्हतं, हलू देत नव्हती, आणि त्याच्याशी तमिळमध्ये सतत काहीतरी बोलत होती. दुसरा मार्शल तिच्या आणि आमच्या मधे उभा राहून झेंडा हलवत होता, म्हणजे आमच्यातल्या कुणाचा तोल गेला असता तर आधी त्याला लागलं असतं. मुलाचं कॉलरबोन मोडलं होतं, एवढ्यावर निभावलं. दिवसभर उन्हात उभी राहणारी ही माणसं हौसेने येतात. बक्षीस-समारंभात त्यांची नावं कुणी घेत नाही.

आणि हेही लिहिलं पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये याच ट्रॅकवर राष्ट्रीय फेरीत बंगळूरचा १३ वर्षांचा मुलगा शर्यतीत पडून गेला. उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. तार बांधली, हेल्मेट चांगलं घेतलं, झेंडे पाळले, तरी हा खेळ कधी कधी माणूस घेतो. नोंदणीच्या वेळी ‘सर्वस्वी माझ्या जबाबदारीवर’ अशा अर्थाच्या कागदावर सही करावी लागते, ती घरच्यांच्या देखत करावी. माझी बायको तो कागद दर वेळी पूर्ण वाचते, मग मला पेन देते. प्रत्येक सेशननंतर सूट उतरवायच्या आधी तिला फोन करायचा हा करार आहे. वेळ किती आली हे ती विचारत नाही, आणि मी सांगत नाही.

११. सगळ्यात वेगवान लॅप विसरा

शर्यतीनंतर टाइमशीट हातात येतं. बाईकला लावलेल्या ट्रान्सपाँडरमुळे प्रत्येक लॅपची वेळ त्यात छापलेली असते. सगळे आपला सर्वोत्तम लॅप शोधतात, त्याभोवती गोल करतात, फोटो काढतात. मी सवयीने सगळा रकाना वाचतो. कारखान्यात एक पार्ट उत्तम निघाला याला किंमत नाही, शंभर पार्टमध्ये फरक किती याला आहे. आमच्या वर्गात लॅप दोन मिनिटांच्या आगेमागे होतो. एक लॅप झकास मारून पुढच्यात दोन सेकंद घालवणाऱ्यापेक्षा, तीच वेळ शर्यतभर अर्ध्या सेकंदाच्या आत धरणारा पुढे संपवतो. टीव्हीवर दिसतं त्यात हे दिसत नाही, कारण ते बघायला कंटाळवाणं असतं.

मागच्या रांगेतली लढतसुद्धा लढतच असते, हे बाहेरच्यांना पटत नाही. सतराव्या जागेसाठी मी आणि कोइंबतूरचा एक बँकेतला माणूस अक्षरशः कोपराला कोपर लावून जातो. एका शनिवारी त्याची क्लच लिव्हर मोडली, माझ्या पेटीतली त्याला दिली. रविवारी त्याच लिव्हरने तो माझ्या पुढे गेला. लिव्हर अजून परत आलेली नाही, आणि दर वेळी तो घरून मुरुक्कूचा डबा आणून विषय टाळतो.

१२. घाट ट्रॅक नव्हे

ट्रॅकवर जायला लागल्यापासून मी रस्त्यावर हळू चालवतो. हे साधूपण नाही. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा असते, सगळे एकाच दिशेने जातात, पुढे काही झालं तर झेंडा दिसतो आणि रुग्णवाहिका उभी असते. ताम्हिणीत रविवारी सकाळी वळणाबाहेर दगडी कठडा असतो, समोरून एसटी येते, मधे म्हैस असते आणि डांबरावर डंपरची सांडलेली खडी. वळण तेच, बाईक तीच, अंगावर बहुतेकदा टी-शर्ट. घाटात गुडघा टेकवल्याचे व्हिडिओ मला कौतुकाने पाठवणाऱ्यांना मी एकच उत्तर देतो: एवढी हौस आहे तर ये, पिकअपमध्ये चौथ्या बाईकला जागा करू.

१३. यायचंच असेल तर

आधी प्रशिक्षण. या ट्रॅकवर रेसिंगच्या शाळा चालतात. त्यानंतर एफएमएससीआय या आपल्या देशातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाचं लायसन्स काढावं लागतं. पहिला पैसा हेल्मेट आणि लेदरवर, दुसरा शिकण्यावर, बाईकवर सगळ्यात शेवटी. आणि नाव नोंदवण्याआधी एकदा नुसते बघायला या. त्याहून बरं म्हणजे क्लबला विचारून मार्शल म्हणून उभे राहा. शर्यत जितकी जवळून तिथून दिसते तितकी बाईकवरूनही दिसत नाही, आणि माणसं कायम कमी असतात. टोपी आणि पाण्याची मोठी बाटली घरून आणा.